दहावा ग्रह

जावई हा दहावा ग्रह, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणतात. बाकीच्या नऊ ग्रहांची शांत करता येते, याची करता येत नाही. हा कन्या राशीला कायमचा मुक्काम ठोकून असतो. कॉम्प्युटरच्या घरातही असा एक आहे आणि तोही साधा जावई नव्हे, घरजावई. मदरबोर्डावर कारखान्यातच बसवून आलेलं नेटवर्क कार्ड. दुकानदार आणि दुरुस्तीवाले त्याला ‘ऑनबोर्ड लॅन’ म्हणतात. तो रुसला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर पिवळं चिन्ह उगवतं आणि आत इंग्रजीत खुलासा मिळतो: हे उपकरण सुरू होऊ शकत नाही, कोड १०. नेमका दहाच. मायक्रोसॉफ्टमध्ये कुणी आपल्या म्हणी वाचून आकडे वाटले असतील असं वाटत नाही, पण पत्रिका मात्र जुळली आहे.

घरजावई म्हणायचं कारण सरळ आहे. पूर्वी नेटवर्क कार्ड वेगळं विकत मिळायचं. त्याला स्वतःचा स्लॉट असायचा, पत्र्याची पट्टी असायची, वर एक स्क्रू. बिघडलं की स्क्रू काढून दुकानदाराकडे परत. हा तसा नाही. हा बोर्डालाच डाख देऊन बसवलेला. वीज घरातली, जागा घरातली, पंख्याचा वारासुद्धा घरातला. रुसवा तेवढा स्वतःचा. आणि रुसला म्हणून बाहेर काढावा तर अख्खा बोर्ड बाहेर काढावा लागतो.

त्याला समोरून बघायचं तर कॅबिनेट फिरवावं लागतं, आणि ते सहसा कुणी फिरवत नाही. दसऱ्याला हळदकुंकू लागतं ते पुढच्या बाजूला, झेंडूचं फूल ठेवतात ते वर. मागे नुसती धूळ. तिथे गुलाबी, हिरव्या, निळ्या ऑडिओच्या भोकांच्या शेजारी, दोन यूएसबींच्या डोक्यावर याची चौकोनी खिडकी असते. आत डोकावलं तर आठ सोनेरी तारा एकीला लागून एक, पुढे झुकलेल्या. खिडकीच्या दोन कोपऱ्यांत दोन इवलेसे दिवे. जोडणी झाली की एक स्थिर लागतो. माहितीची ये-जा सुरू झाली की दुसरा लुकलुकतो. रंगांवर जाऊ नका, हिरवा कुठला आणि नारिंगी कुठला हे जो तो आपल्या मर्जीनं ठरवतो. कॅबिनेटचं झाकण काढलं की या खिडकीच्या मागे जवळच करंगळीच्या नखाएवढी काळी चिप दिसते. टॉर्च तिरका धरला तर तिच्यावर कोरलेला खेकडा उमटतो. हा रिअलटेक या तैवानी कंपनीचा शिक्का. १९८७ साली शिन्चू शहरात ही कंपनी निघाली आणि आपल्या बाजारातल्या स्वस्त आणि मध्यम भावाच्या कितीतरी बोर्डांवर आज याच खेकड्याचं कूळ नांदतं. शेजारची आवाजाची चिपही पुष्कळदा त्याच कुळातली असते. दोघे भाऊ एकाच घरात दिलेले.

कूळ मोठं, यात शंका नाही. २२ मे १९७३ रोजी अमेरिकेत झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी एक टिपण लिहिलं. एकाच तारेवर अनेक यंत्रांनी एकमेकांशी कसं बोलावं, याचं. त्यातून इथरनेट जन्मलं. पहिल्या जाळ्याचा वेग सेकंदाला तीन मेगाबिटांच्याही आतला होता. आज बोर्डावरचा सामान्यातला सामान्य घरजावई हजार मेगाबिटांच्या गोष्टी करतो. मधल्या काळात खेकड्याच्या घराण्यातलं ८१३९ क्रमांकाचं कार्ड आलं आणि भाव कोसळले. दर्जाही कोसळला, असं जाणकारांचं मत. फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी या कार्डाचा ड्रायव्हर लिहिणाऱ्या बिल पॉल यांनी ड्रायव्हरच्या मजकुरातच शेरा मारून ठेवला आहे: स्वस्तातलं म्हणजे काय, याची व्याख्या या कार्डानं नव्यानं केली, आणि पीसीआय जातीत याहून वाईट कार्ड जवळजवळ झालंच नाही, अशा अर्थाचा. त्यांची तक्रार अशी की आलेला माल हे कार्ड नीट जागेवर ठेवत नाही. प्रोसेसरला तो पुन्हा उचलून दुसरीकडे ठेवावा लागतो. म्हणजे कष्ट सासऱ्याचे.

शेरा खराच असणार. पण २००० च्या आसपास आमच्या औरंगाबादेत औरंगपुऱ्यात, सिडकोत, विद्यापीठाच्या वाटेवर जे सायबर कॅफे निघाले, त्यांच्या मालकांना विचारा. एकाच कनेक्शनवर पाच-सहा यंत्रं जोडायची तर प्रत्येकात एक कार्ड हवं, आणि ते परवडायला हवं. नामांकित अमेरिकी कार्डांच्या भावात हे जमलं नसतं. या गावातल्या एका पिढीनं निकाल पाहिला, पहिला ईमेल काढला, नोकरीचा पहिला अर्ज पाठवला, तो असल्या स्वस्तातल्या कार्डांच्या जिवावर. मी खेकड्याच्या बाजूनं आहे. नंतर बोर्ड बनवणाऱ्यांनी हिशेब केला की एवढी स्वस्त चिप वेगळी विकण्यात अर्थ नाही, बोर्डावरच बसवून टाकू. तिथून घरजावईपण सुरू झालं.

आता त्याच्या स्वभावातली मुख्य गोष्ट. रुसव्यांचं बहुतेक मूळ तिच्यातच आहे. हा कधीच पूर्ण बंद नसतो.

तुम्ही शटडाउन केलं, पडदा काळा झाला, पंखा थांबला, तुम्ही शटर ओढून घरी गेलात. मागे जाऊन कुणी बघितलं असतं तर त्या खिडकीतला दिवा लागलेलाच दिसला असता. याला कारण १९९५ मधलं. त्या वर्षी इंटेलनं एटीएक्स नावाची रचना आणली. त्याआधीच्या यंत्रांत पुढचं बटण खटकन दाबलं की वीज खरोखर तुटायची. एटीएक्समध्ये ते बटण वीज तोडत नाही, बोर्डाला नुसती विनंती करतं. एसएमपीएसमधून, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यातून, बोर्डाकडे जाणाऱ्या तारांच्या जुडग्यात एक जांभळी तार असते, पाच व्होल्टची. भिंतीतलं सॉकेट चालू आहे तोवर ती जिवंत. तिच्या आधारानं आमचा घरजावई रात्रभर जागा असतो.

कशासाठी? तर हाक ऐकण्यासाठी. त्याच १९९५ साली एएमडीनं ‘मॅजिक पॅकेट’ नावाची युक्ती मांडली. बंद यंत्र दुरून चालू करायचं असेल तर तारेवरून एक ठरावीक निरोप पाठवायचा: आधी २५५ हा आकडा सहा वेळा, मग त्या यंत्राचा पत्ता लागोपाठ सोळा वेळा. सगळं मिळून १०२ बाइट. आपल्या नावाचा सोळा वेळा जप कानावर आला की यानं उठून बोर्डाला जागं करायचं. शंभर-दोनशे यंत्रं असलेल्या कचेरीत ही सोय मोलाची आहे. आयटीवाला घरी बसून मध्यरात्री सगळी यंत्रं उठवतो, अपडेट टाकतो, परत झोपवतो. पण टीव्ही सेंटरजवळच्या झेरॉक्स-लॅमिनेशन-ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात रात्री दीड वाजता त्याला कोण हाक मारणार? वर्षानुवर्षं कुणी मारत नाही. हा मात्र कान टवकारून बसलेलाच.

अशा जागरणात कधीतरी बिनसतंच. लाईट झपकन जाऊन येते. यंत्र बंदच असतं म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही, पण जांभळ्या तारेवरचा दाब क्षणभर घसरतो आणि चिप ना झोपेत ना जागेपणी अशी मध्येच अडकते. कधी ड्रायव्हर वीज वाचवायला त्याला गाढ झोपवतो आणि सकाळी उठवायची रीत जमत नाही. कधी विंडोज रात्रीतून आपणहून नवा ड्रायव्हर आणून ठेवतं, आणि नव्या माणसाशी याचं पटत नाही. मग सकाळी ड्रायव्हर हाका मारतो, चिप उत्तर देत नाही, थोडी वाट पाहून विंडोज कोड १० नोंदवून मोकळं होतं. या कोडचा अर्थ तो मेला असा नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. घरात आहे, नाव-पत्ता लागतो, पण दाराला आतून कडी.

नावावर खाली तोंड केलेला छोटा बाण असेल तर प्रकरण वेगळं. तिथे त्याला कुणीतरी हातानं डिसेबल केलेलं असतं, बहुधा दहावीच्या मुलाच्या आईनं किंवा खुद्द मुलानं, आणि दोघंही कबूल होत नाहीत. उजवं क्लिक करून एनेबल म्हटलं की मिटलं. यादीत नावच दिसत नसेल तर बायोसमध्ये शिरून ‘ऑनबोर्ड लॅन कंट्रोलर’ अशी ओळ शोधायची. ती बंद असेल तर विंडोजला जावई घरात आहे हेच माहीत नसतं. आणि नुसतंच ‘इथरनेट कंट्रोलर’ असं परकं नाव दिसलं तर ड्रायव्हरच नाही. फॉरमॅट मारल्यावर हे हमखास होतं. ड्रायव्हर नेटवर असतो, नेट ड्रायव्हरवाचून येत नाही. पूर्वी अशा वेळी बोर्डासोबत आलेली सीडी शोधायला माळ्यावर चढावं लागे. आता मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करतात. फोन तेवढ्यापुरता नेटवर्क कार्डाचं काम करतो, ड्रायव्हर उतरवून घेतात आणि फोन बाजूला.

पण आपण कोड १० वर होतो. ‘रीस्टार्ट मारून बघा’ हा पहिला सल्ला, आणि तो वाटतो तितका बावळट नाही. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं तेव्हापासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आपोआप चालू असते. तिच्यामुळे शटडाउन केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होतच नाही. आहे त्या अवस्थेत डिस्कवर साठवला जातो आणि सकाळी जसाच्या तसा उचलला जातो. रात्रीचा बिघाडही सोबत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं. बंद करून चालू करण्यापेक्षा रीस्टार्ट खरा, असा उलटा न्याय आहे. तरीही रीस्टार्टनं जांभळी तार तुटत नाही. ड्रायव्हर ताजातवाना होऊन येतो, चिप तशीच फुगून बसलेली.

याच्यापुढचा उपाय गावातल्या प्रत्येक ‘इंजिनिअर’ला ठाऊक आहे. (कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या पोराला आपल्याकडे इंजिनिअर म्हणतात, मग तो आयटीआय असो की बारावी. पैठण गेटला मोबाइलचा डिस्प्ले बदलणाराही हल्ली इंजिनिअरच.) जून-जुलैमध्ये अकरावी, डिप्लोमा, सीईटी, शिष्यवृत्ती असे सगळे फॉर्म एकदम अंगावर येतात आणि भरतीची जाहिरात निघाली तर विचारूच नका, २०२३ च्या तलाठी भरतीला राज्यातून दहा लाखांहून जास्त अर्ज आले. अशा दिवसांत फॉर्म भरून देणाऱ्या काकूंचा फोन येतो.

“लाईट लागंना भाऊ.”

“मागचा का, काकू?”

“मागचा बी लागंना अन् इकडं ते पिवळं आलंय. पोरं उभी आहेत लाईनमधी.”

“रीस्टार्ट मारला?”

“दोनदा मारला. तसंच आहे.”

“मग बंद करा. कॅबिनेटची पिन काढा. नुसतं बटण नका बंद करू, पिनच काढायची.”

“यूपीएसला लावलीय ती.”

“यूपीएसमधून काढा. नेटची वायर बी काढा. काढली? आता पुढचं बटण दाबून धरा.”

“अरे, पिन काढल्यावर बटण दाबून काय व्हायचंय?”

“धरा तर. तीसपर्यंत मोजा.”

काकूंचा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर बटण दाबताक्षणी मिळतं. पिन हातात, वायर लोंबतेय, आणि तरीही आतला पंखा चक्क थोडासा हलतो. एसएमपीएसच्या पोटातल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज उरलेली असते. बटण दाबल्यावर यंत्र चालू व्हायला बघतं आणि त्या प्रयत्नात ती उरलीसुरली वीज खर्चून टाकतं. बोर्डावर छोटा हिरवा दिवा असेल तर तो आधी मंद होतो, मग विझतो. तो विझला की जांभळी तार गेली. आता कुठे चिपला खरी झोप लागली. अर्ध्या मिनिटानं पिन लावायची, वायर खोचायची, बटण दाबायचं. खिडकीतला पहिला दिवा लागतो, दुसरा लुकलुकायला लागतो, आणि पिवळं चिन्ह जणू कधी नव्हतंच. लॅपटॉपची गोष्ट जरा किचकट, कारण तिथे बॅटरीही काढावी लागते आणि हल्ली ती आत स्क्रूंनी बंद केलेली असते.

फोनवर काम झालं तर इंजिनिअरला काही मिळत नाही. स्वतः गेला तर वेगळीच अडचण. आला, पिन काढली, पिन लावली, आणि म्हणाला दोनशे रुपये व्हिजिटिंग, तर गिऱ्हाईक तोंडाकडे बघत राहतं. म्हणून अनुभवी माणूस आधी झाकण उघडतो. ब्लोअर मारतो, धुळीचा लोट उठतो, मालक दोन पावलं मागे सरकतो. रॅम काढून तिच्या सोनेरी कडा खोडरबरानं पुसतो. मग ड्रायव्हर पुन्हा टाकतो. पडद्यावर हिरवी पट्टी सरकताना दिसणं फार गरजेचं. या गडबडीत पिन केव्हा निघाली आणि केव्हा लागली हे कुणाच्या ध्यानात येत नाही. मला यात लबाडी वाटत नाही. जावयाची समजूत काढायला चार माणसं बसतात, पोहे होतात, चहा होतो. तो नेमका कशानं वळला हे कोण सांगणार?

माझा याबाबत एक लाडका सिद्धांत आहे. तो सिद्ध करता येणार नाही, पण सांगतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत मराठवाड्यात भारनियमन जोरात होतं. वीज रोज तासन्‌तास जायची. घरातल्या इन्व्हर्टरवर एक पंखा आणि एक ट्यूब. कॉम्प्युटरला कोण विचारतो? त्या काळात घरजावयाला सक्तीची झोप मिळायची. सकाळी अडकला तरी दुपारी वीज जाऊन आल्यावर सुरळीत, आणि श्रेय मिळायचं नेटवाल्याला. आता दुकानागणिक यूपीएस आहे, सॉकेट महिनोन्‌महिने बंद होत नाही, आणि रुसव्याला उतारा मिळत नाही. भारनियमनाची तरफदारी करायची नाही. मेणबत्तीवर अभ्यास करून ज्यांनी बोर्डाची परीक्षा दिली ते मला धरून हाणतील. शिवाय वीज परत येताना जो झटका यायचा त्यानं किती एसएमपीएस गेले याचा हिशेबच नाही. पण आजही मी दुकान बंद करताना कॅबिनेटचं बटण भिंतीवरून बंद करणाऱ्यांना मानतो. ते वीज वाचवायला करतात, फायदा याचा होतो.

रुसवा काढता येतो. पण वीज पडली तर काही इलाज चालत नाही, आणि इकडे वळवाच्या आणि परतीच्या पावसात विजांना तोटा नसतो. फायबर येण्याआधी गल्लीत नेट यायचं ते गच्चीवरून. या इमारतीवरून त्या इमारतीवर, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, तांब्याच्या आठ तारांची केबल झोके खात यायची. वीज त्या केबलवरच पडावी लागत नाही. जवळपास पडली तरी लांब तारेत दाब उठतो आणि थेट त्या खिडकीत शिरतो. खिडकीच्या आत यासाठीच इवलेसे ट्रान्सफॉर्मर बसवलेले असतात; दीड हजार व्होल्टपर्यंत ते सासर-माहेर वेगळं ठेवतील अशी चाचणी असते. आकाशातली वीज ती चाचणी वाचून येत नाही. कडकडाट होतो, आणि दुसऱ्या दिवशी एका रांगेतल्या चार-पाच दुकानांतून एकच तक्रार: “पोर्ट उडाला.” बाहेरून काही दिसत नाही, क्वचित सोनेरी तारांच्या टोकाला काळपट झाक. चिप जिवंत असते, डिव्हाइस मॅनेजर सगळं ठीक म्हणतो, फक्त विंडोज केबल जोडलेली नाही असं सांगत राहतं, केबल जोडलेली असली तरी. आता काचेचा फायबर घरापर्यंत येतो. काचेतून वीज वाहत नाही. तांबं उरलं ते फायबरच्या डबीपासून यंत्रापर्यंतचं, दोन-तीन मीटर. त्यामुळे हे मरण पुष्कळ कमी झालं आहे. तरी ढग गडगडायला लागले की वायर उपसून ठेवणारे जुने लोक आहेत. त्यांना हसू नये.

आणखी एक आळ घरजावयावर नेहमी येतो, तो मात्र सपशेल खोटा. बोर्डावर नाण्याएवढा सेल असतो, सीआर २०३२. त्याचं मापच नावात आहे: २० मिलीमीटर व्यास, ३.२ मिलीमीटर जाडी. तीन व्होल्ट. यंत्राची पिन काढल्यावरही तारीख-वेळ आणि बायोसची सेटिंग धरून ठेवणं हे त्याचं काम. तो संपला की पिन काढून लावल्यावर यंत्र आपल्या जन्माच्या काळात जाऊन बसतं. खिडकीतले दिवे छान लुकलुकतात, पण एकही सरकारी साइट उघडत नाही, कारण साइटचं प्रमाणपत्र आजचं आणि यंत्राची तारीख २००९ ची. हिशेब जुळत नाही. लोक म्हणतात, लॅन गेला. गेलेला असतो सेल. यंत्राच्या लेखी अजून २००९ साल चालू असतं आणि ते औरंगाबादेत असतं. समोरच्या फॉर्ममध्ये जिल्हा छत्रपती संभाजीनगर निवडायचा असतो. नाव २०२३ मध्ये बदललं, सेल त्याआधीच कधीतरी बसला. नवा सेल टाकला, तारीख लावली की वर्तमानकाळ सुरू. मात्र सेल गेल्यावर बायोस मूळ सेटिंगवर जातं, आणि काही बोर्डांत ‘ऑनबोर्ड लॅन’ची ओळ त्या निमित्तानं तपासून घेतलेली बरी.

केबलच्या टोकाच्या जॅकची प्लास्टिकची जीभ तुटते, हेही एक जुनंच दुखणं. जीभ तुटली की जॅक खिडकीत बसतो पण ठरत नाही. खुर्ची सरकली तरी नेट जातं. लोक कागदाची घडी करून खोचतात. जॅक चिल्लर पैशांत मिळतो, क्रिम्पिंग करायला पाच मिनिटं लागतात, आणि तरी ती घडी तिथे वर्षभर असते.

आता वाळूजचं सांगतो. १९८५ मध्ये बजाजचा कारखाना तिथे सुरू झाला आणि त्याच्या आधारानं सुटे भाग बनवणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली. चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम आहे. तिथून शिकून निघालेली पोरं या वर्कशॉपांत डाय आणि फिक्स्चरची डिझाइनं करतात. डिझाइनचं सॉफ्टवेअर महागडं असतं आणि त्याचा परवाना पुष्कळदा यंत्राला बांधलेला असतो. यंत्र ओळखायचं कसं? तर घरजावयाच्या नावावरून. प्रत्येक नेटवर्क कार्डाला जन्मतःच एक पत्ता मिळतो, ४८ बिटांचा, बारा अक्षरी. पहिली सहा अक्षरं कुळाची, उरलेली सहा त्याची स्वतःची. रिअलटेकच्या वाट्याला आलेल्यांतली एक सुरुवात आहे ००-ई०-४सी. परवान्याच्या फाइलमध्ये हाच पत्ता कोरलेला असतो.

तिथल्या एका वर्कशॉपमध्ये पावसाळ्यात पोर्ट उडाला. इंजिनिअरनं यूएसबी टू लॅन लावून दिलं, काही शे रुपयांत काम भागलं, सीएनसी मशीनला प्रोग्राम जायला लागले. बोर्डावरची चिप शाबूत होती. खिडकी मेली होती, पण नाव विचारलं की सांगत होती. पुढे नवीन ऑपरेटर आला, स्वच्छतेचा भोक्ता. यादीत लाल फुली असलेलं निरुपयोगी कार्ड दिसलं, त्यानं ते डिसेबल करून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडेना. परवाना सापडत नाही म्हणे. निम्मा दिवस गेला, फोनाफोनी झाली, शेवटी इंजिनिअरनं येऊन कार्ड पुन्हा एनेबल केलं, खिडकीवर चिकटपट्टी मारली आणि कॅबिनेटवर मार्करनं लिहिलं: ऑनबोर्ड लॅन डिसेबल करू नये.

मालक बाजूला उभे राहून बघत होते.

“म्हणजे हा काम काहीच करत नाही?”

“काम यूएसबीवालं करतं. लायसन याच्या नावावर आहे.”

“अन् लाईट किती खातो?”

“वायर नसल्यावर? वॉटभरसुद्धा नाही.”

“मग राहू द्या.”